पेट्रोलचा कॅन जमिनीवर ठेवूनच का भरायचा? कोरड्या दिवसांतली स्थिर वीज अन् घरातला इंधनसाठा

भंडारा : उन्हाळी धानाच्या कापणीचे दिवस आले की जिल्ह्यात पेट्रोल-डिझेल फक्त गाड्यांच्या टाकीत राहत नाही. फवारणी पंप, ब्रश कटर, पाणी ओढायचे छोटे इंजिन यांच्यासाठी पेट्रोल कॅनमधून, कधी पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून बांधापर्यंत जाते. ट्रॅक्टर अन् हार्वेस्टरसाठी डिझेलचा दोनशे लिटरचा ड्रम शेतावर उभा असतो. लाखांदूरपासून तुमसरपर्यंत हे चित्र नवे नाही.

अशा इंधनाजवळ विडी ओढू नये, काडी पेटवू नये, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण काडी नाही, विडी नाही, विजेची उघडी तारही नाही, तरी कॅन भरता भरता भडका उडू शकतो. त्याला कारण ठरू शकते ती स्थिर वीज, म्हणजे स्टॅटिक करंट. ही ठिणगी मागे काही खूण ठेवत नाही. त्यामुळे आग विझल्यावर लोक शॉर्ट सर्किटला किंवा कोणाच्या तरी मोबाइलला दोष देऊन मोकळे होतात, आणि प्लास्टिकचा दुसरा कॅन त्याच जागी येऊन बसतो.

चट् करून बसणारा झटका किती मोठा?

केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा शाळेतला प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना तडतड आवाज येतो, प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी दाराला हात लावला की चट् करून झटका बसतो. दोन वस्तू एकमेकींना घासून वेगळ्या झाल्या की एकीवर धन आणि दुसरीवर ऋण भार साचतो. वाट मिळाली तर तो गुपचूप जमिनीत जातो. वाट नाही मिळाली तर साचत राहतो, आणि जवळ धातू आला की हवेतून उडी मारतो. ती उडी म्हणजेच ठिणगी.

हाताला जेमतेम जाणवणाऱ्या झटक्यालासुद्धा अंगावर साधारण ३,००० व्होल्ट साचलेले असावे लागतात. आकडा ऐकून दचकायला होते, पण त्यात प्रवाह अगदी क्षणभराचा आणि नगण्य असतो, म्हणून माणसाला काही होत नाही. पेट्रोलच्या वाफेचे तसे नाही. तिला पेट घ्यायला साधारण पाव मिलीज्यूल ऊर्जा पुरते. जो झटका माणसाला नुसता 'अगं बाई' म्हणायला लावतो, त्यात याच्या दुप्पट ते चौपट ऊर्जा असते. अंगावर १०,००० व्होल्ट साचले, जे नायलॉनचे कपडे आणि रबरी चप्पल असताना काही विशेष नाही, तर ठिणगी चाळीस पटीपर्यंत जाते. आणि ३,००० व्होल्टच्या खालचा झटका तर जाणवतही नाही. म्हणजे आपल्याला काही कळण्याआधीच वाफेला पुरेशी ठिणगी पडून गेलेली असू शकते.

दुसरी गोष्ट वाफेची. पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, मग आपल्याकडच्या उन्हाचे काय सांगावे. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरते, पायरीवरून खाली उतरते, खोलीच्या कोपऱ्यात बसून राहते. हवेत तिचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्क्यांच्या मध्ये असले की ठिणगी लागताच भडका. कॅनच्या तोंडाशी भरताना नेमके हेच प्रमाण तयार होते.

द्रव वाहतो, तेव्हाही वीज तयार होते

वीज फक्त माणसाच्या अंगावरच साचते असे नाही. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, रंगाच्या थिनरमधले टोल्यूइन हे सगळे विजेचे वाईट वाहक आहेत. पाइपातून वाहताना, गाळणीतून जाताना, उंचावरून पडून शिंतोडे उडताना त्यांच्यातच भार तयार होतो. तो द्रवाबरोबर कॅनमध्ये उतरतो. लोखंडी कॅन जमिनीवर असेल तर भार पत्र्यातून जमिनीत जातो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये त्याला जायला जागा नाही. कॅनला बाहेरून वायर गुंडाळली तरी उपयोग नाही, कारण वीज प्लास्टिकमधून वाहतच नाही.

त्याहून वाईट जुगाड म्हणजे प्लास्टिकच्या कॅनच्या तोंडात पत्र्याचे नरसाळे. धातूचा तुकडा चारही बाजूंनी प्लास्टिकने वेगळा पडलेला, त्यातून पेट्रोल वाहतेय, म्हणजे भार साठवायची आयती पेटीच. पंपाच्या नळीचे धातूचे टोक त्याच्याजवळ आले की ठिणगी पडणार ती थेट वाफेच्या तोंडावर. त्यात कचरा गाळायला नरसाळ्यावर फडके बांधले असेल तर घर्षण आणखी वाढते. प्लास्टिकचा कॅन अन् पत्र्याचे नरसाळे ही जोडी तर घरातून कायमची काढून टाकावी.

पिकअपच्या हौदात रबरी मॅटवर किंवा मोपेडच्या पायदानावर ठेवून कॅन भरणे हाही तसाच प्रकार. इथे कॅन लोखंडी असला तरी तो जमिनीपासून तुटलेला असतो, आणि भरलेला भार कॅनच्या अंगावर अडकून राहतो. अमेरिकेत प्लास्टिकचे अस्तर लावलेल्या पिकअपमध्ये कॅन भरताना अशा आगी लागल्या आणि तिथल्या सुरक्षा यंत्रणांना 'कॅन खाली उतरवा' असे इशारे काढावे लागले. एक मिनिटाचा आळस, दुसरे काही नाही. पंपावर गर्दी आहे, मागचा हॉर्न वाजवतोय, म्हणून कॅन गाडीवरच ठेवून नळी घातली जाते.

आपला उन्हाळा अन् डिझेलचा गैरसमज

पावसाळ्यात हे झटके फारसे बसत नाहीत. हवेतल्या ओलाव्याचा पातळ थर वस्तूंवर बसतो आणि भार त्यातून निसटतो. पूर्व विदर्भात मार्च ते मे दुपारची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते, तेव्हा हा थर राहत नाही. कोरड्या थंडीच्या सकाळीही तेच. म्हणजे उन्हाळी धानाला इंधन लागते तेव्हाच हवाही सगळ्यात बेभरवशाची.

'डिझेल काही पेट्रोलसारखे पेटत नाही' हे वाक्य गावोगावी ऐकू येते. थंड दिवसात ते बरेचसे खरे आहे. पण द्रव पेट घेण्याइतकी वाफ सोडायला लागतो त्या तापमानाला फ्लॅश पॉइंट म्हणतात, आणि डिझेल व रॉकेलसाठी भारतीय मानकात तो किमान ३५ अंश सेल्सिअस धरलेला आहे. प्रत्यक्षात डिझेलचा बराच वर असतो. तरी मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ वर जातो आणि उन्हातल्या टिनाच्या शेडमधला काळा ड्रम त्याहून तापतो, तेव्हा डिझेल सुरक्षित आहे असे धरून चालता येत नाही.

खरा धोका अदलाबदलीत आहे. कालपर्यंत पेट्रोलचा असलेला कॅन आज डिझेलसाठी घेतला जातो. बंद कॅनमध्ये पेट्रोलची वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेट घेऊ शकत नाही, हवाच कमी पडते. त्यात डिझेल ओतले की डिझेल ती वाफ शोषून घेते, हवा आत शिरते, आणि मिश्रण नेमके पेट घेण्याच्या प्रमाणात येते. वर डिझेल स्वतः भार धरून ठेवणारे. टँकर भरणाऱ्या डेपोंत या प्रकाराला फार जपतात. घरी उपाय साधा : पेट्रोलचा कॅन वेगळा, डिझेलचा वेगळा, आणि त्यावर रंगाने मोठ्या अक्षरात लिहिलेले.

मोठ्या कंपन्यांनीही हे महागात शिकले

डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'काँग हाकोन सातवा' या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांवर एकाच महिन्यात स्फोट झाले. तिन्ही वेळा रिकाम्या टाक्या जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुणे चालू होते. 'मार्पेसा' बुडाले. नंतरच्या संशोधनात बोट गेले ते फवाऱ्याच्या तुषारांवर साचणाऱ्या स्थिर विजेकडे. तेव्हापासून मोठ्या जहाजांच्या टाक्यांत निष्क्रिय वायू भरून हवा बाहेर ठेवण्याची पद्धत रुळली. टाकी रिकामी होती, हे इथे लक्षात घ्यावे. रिकामा ड्रम म्हणजे सुरक्षित ड्रम नव्हे. वाफ आत असतेच, आणि असा ड्रम कापायला वेल्डरकडे नेणे तर जीवावरचा खेळ.

दुसरे उदाहरण आपल्या गॅरेज आणि रंगाच्या दुकानांना जवळचे आहे. २९ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात बार्टन सॉल्व्हंट्स या कंपनीच्या गोदामात सुमारे ११०० लिटरच्या लोखंडी टाकीत इथाइल अ‍ॅसिटेट भरणे सुरू होते. नळी जागेवर राहावी म्हणून तिच्या तोंडाला लोखंडी वजन अडकवलेले. चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारी मंडळाने निष्कर्ष काढला की नळीचे धातूचे भाग आणि ते वजन कशालाच जोडलेले नव्हते. त्यांच्यावर भार साचला, ठिणगी पडली आणि गोदाम जळाले. 'आमचा ड्रम तर जमिनीवरच आहे' एवढे म्हणून भागत नाही. द्रवाच्या वाटेतला प्रत्येक धातूचा तुकडा एकमेकांशी जोडलेला हवा.

कायदा प्लास्टिकचे नावच घेत नाही

या विषयाचे देशाचे मुख्यालय भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, नागपूरच्या सेमिनरी हिल्सला आहे. पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो. पेट्रोल पंप असो की डेपो, त्याचे नियम इथून चालतात.

पेट्रोलियम अधिनियम १९३४ नुसार फ्लॅश पॉइंट २३ अंशाखाली असलेले इंधन 'अ' वर्गात येते. पेट्रोल त्यातच. विक्रीसाठी नसलेले असे इंधन ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येते. पण कलम ८ पुढे सांगते की ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या किंवा धातूच्या भांड्यातच ठेवायचे. काचेचे किंवा मातीचे भांडे जास्तीत जास्त एक लिटरचे, धातूचे २५ लिटरचे. प्लास्टिकचा त्या यादीत उल्लेखच नाही. वाहन किंवा इंजिनाच्या मालकाला त्याच कामासाठी ९० लिटरपर्यंत मुभा आहे. मात्र साठा ३० लिटरच्या वर गेला तर तो माणसे राहतात किंवा काम करतात अशा खोलीशी जोडलेला नसलेल्या, वेगळ्या जागी हवा. डिझेल-रॉकेल 'ब' वर्गात मोडते. त्याला २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, फक्त एकही भांडे १,००० लिटरपेक्षा मोठे नको.

थोडक्यात, शेतकऱ्याने इंधन ठेवूच नये असे कायदा म्हणत नाही. किराणा दुकानात बाटलीतून पेट्रोल विकणे ही मात्र वेगळी गोष्ट. विक्री आली की ही सूट लागू होत नाही.

कोणी म्हणेल, परदेशात तर प्लास्टिकचे कॅन सर्रास चालतात. चालतात, पण ते मान्यताप्राप्त बनावटीचे आणि लहान. ब्रिटनमध्ये प्लास्टिकला १० लिटर आणि धातूला २० लिटरची मर्यादा आहे. भांडे लहान असले की साचणारा भारही कमी. खाद्यतेलाचा पंधरा लिटरचा कॅन धुऊन त्यात पेट्रोल भरणे, याचा त्या कॅनशी काही संबंध नाही.

भरताना काय करायचे

पंपावर टँकर रिकामा होतो तेव्हा नीट पाहावे. चालक उतरतो, सगळ्यात आधी क्लिप असलेली वायर टँकरला लावली जाते, काही वेळ थांबतात, मगच पाइप जोडतात. ते थांबणेही मुद्दाम असते, कारण प्रवासात हिंदकळून साचलेला भार निवायला वेळ लागतो. वायर निघते ती सगळ्यात शेवटी. टँकरमागे लोंबणारी साखळी पूर्वी याच कामासाठी असायची, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर तिचा भरवसा नाही.

घरी किंवा शेतावर हाच क्रम पाळायचा. लोखंडी कॅन गाडीतून खाली उतरवून उघड्या जमिनीवर ठेवावा, पोत्यावर किंवा चटईवर नाही. झाकण उघडण्याआधी कॅनपासून दूर एखाद्या लोखंडी खांबाला किंवा गेटला उघडा हात लावावा, म्हणजे अंगावरचा भार तिथेच उतरतो. पंपाच्या नळीचे टोक कॅनच्या तोंडाला टेकवून धरावे आणि भरून होईपर्यंत हलवू नये. धार हळू सोडावी. औद्योगिक कामात पाइपचे तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवतात. आपल्याला एवढेच लक्षात ठेवायचे की उंचावरून धबधबा नको. कॅन काठोकाठ भरू नये. पेट्रोल तापमानाच्या दर अंशाला हजारातला एक भाग या हिशेबाने फुगते. वीस लिटरच्या कॅनमध्ये एक लिटरची जागा मोकळी सोडली की पुरे.

दोनशे लिटरच्या ड्रममधून काढताना एक जास्तीची वस्तू लागते. दोन्ही टोकांना मजबूत क्लिप असलेली तांब्याची वायर. एक क्लिप ड्रमला, दुसरी कॅनला. क्लिप रंगावर नाही, खरवडून मोकळ्या केलेल्या पत्र्यावर बसली पाहिजे. ड्रममधून दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला किंवा बोअरच्या लोखंडी केसिंगला न्यावी. स्थिर विजेसाठी फार काटेकोर अर्थिंग लागत नाही, दहा लाख ओहमच्या आतला रोधही चालतो. तरी उन्हाळ्यात सळईभोवती बादलीभर पाणी ओतलेले बरे. घरच्या विजेच्या बोर्डातल्या अर्थिंगमध्ये वायर खुपसण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये, त्यातून नवीनच अपघात होईल. वायर लावल्यावर झाकण उघडायचे, झाकण बंद केल्यावर वायर काढायची. तोंडाने ओढून प्लास्टिकच्या नळीने डिझेल काढणे बंद करून लोखंडी हातपंप घ्यावा. पोटात डिझेल जाण्याचा धोकाही त्यात टळतो.

कपड्यांचे सांगायचे तर सुती कपडे चांगले. नायलॉनचे जॅकेट असेल तर ते इंधनाजवळ काढू किंवा घालू नये, काढतानाच सर्वाधिक भार तयार होतो. इंजिनाचे सुटे भाग पेट्रोलने धुताना पॉलिस्टरच्या साडीचा तुकडा वापरण्याची गॅरेजमधली सवय याच कारणाने वाईट आहे. जुने सुती धोतर तिथे शंभर पटीने बरे. धुवायला पेट्रोलच कशाला, हा खरे तर आधीचा प्रश्न.

मोबाइलबद्दल एक शब्द. पंपावर तो वापरू नये हा नियम आहे आणि तो पाळावा. पण अमेरिकेत पंपांवरच्या आगींच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा मोबाइलमुळे लागलेली सिद्ध झालेली आग सापडली नाही. नळी टाकीत ठेवून परत गाडीत बसलेल्या आणि सीटवरून घासत उतरून नळीला हात लावणाऱ्या माणसांच्या आगी मात्र पुष्कळ निघाल्या. पाटी मोबाइलची लागते, सीटची लागत नाही.

ठेवायचे कुठे

स्वयंपाकघर, देवघर, झोपायची खोली, जिन्याखालची जागा नको. तणसाच्या ढिगापासून आणि गोठ्यापासून दूर, सावलीत, खालून वारा खेळेल अशी जागा बघावी. वाफ खाली बसते, म्हणून वरची खिडकी असून उपयोग नाही, जमिनीलगत जाळी हवी. फ्रीज, इन्व्हर्टर, मोटरचा स्टार्टर त्याच खोलीत नको, त्यांच्या आतही ठिणग्या पडतात. सकाळी उन्हात तापलेला कॅन झटकन उघडू नये. झाकण थोडे सैल करून दाब हळू जाऊ द्यावा.

भडका उडालाच तर

भरताना कॅनच्या तोंडाशी आग लागली तर नळी ओढून बाहेर काढू नये. घाबरून हेच केले जाते, आणि पेटते पेट्रोल अंगावर, गाडीवर, शेजारच्यावर उडते. धार थांबवावी, नळी तिथेच सोडून मागे सरकावे, पंपावर असल्यास कर्मचाऱ्याला ओरडून मुख्य स्विच बंद करायला सांगावे. पेट्रोल-डिझेलवर पाणी मारले की ते पाण्यावर तरंगून आग पसरवते. कोरडी रेती, ड्राय पावडर किंवा फोमचे अग्निशामक यंत्र चालते, तेही आग लहान असेल आणि पाठीमागे पळायची वाट मोकळी असेल तरच. १०१ किंवा ११२ वर फोन करताना गावाबरोबर तालुका आणि जवळची ठळक खूण सांगावी. गाडी तालुक्याच्या ठिकाणाहून निघते आणि एकाच नावाची गावे एकापेक्षा जास्त असू शकतात. कपड्यांना आग लागली तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी धरावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ यातले काही लावू नये, आणि तडक दवाखाना गाठावा.